घासायचं कुठवर?

लाकडी पेनाचं कातकाम हात बसलेला माणूस अर्ध्या तासात उरकतो. ठोकळा कापायचा, मधोमध ७ मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि लेथवर चढवून गोल करायचं. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर, पॉलिश पेपर हातात आला की. किती नंबरपर्यंत घासायचं? वर काय लावायचं? आणि लिहिणाऱ्याच्या बोटांना शेवटी लाकूड लागलं पाहिजे की लाकडावरचा थर?

खालचं बोलणं एका मामा-भाचीचं आहे. भाची पुण्यात गच्चीवरच्या खोलीत पेनं कातते आणि विकते. मामांनी कोल्हापूरच्या फौंड्र्यांसाठी जन्मभर लाकडी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना. तो ओलसर वाळूत ठासायचा, अलगद उपसून काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. गुळगुळीतपणावर बोलायचा अधिकार दोघांनाही आहे. मी मध्ये बसून ऐकत होतो. घरगुती टोमणे तेवढे गाळले आहेत.

मामा: हे कशाचं गं? काचेचं?

भाची: सागवानाचं. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईतलं.

मामा: सागवान असं चमकतंय होय?

भाची: चमकवलं की चमकतं. १५० नंबरनं सुरुवात केली, मग २२०, ३२०, ४००, ६००. त्यावर सुपरग्लूचे पातळ पातळ हात. ते वाळले की मायक्रोमेश. स्पंजाच्या नऊ वड्या येतात, १५०० पासून १२००० पर्यंत. पाणी लावून एकेक फिरवायची.

मामा: बारा हजार! आमचा पॅटर्न २२० ला थांबायचा. लई नाजूक काम असलं तर ३२०. वर लाखेचं पॉलिश मारलं की वाळू मुकाट सोडायची.

भाची: पॅटर्न वाळूत जातो मामा. पेन हातात असतं.

मामा: वाळू हातापेक्षा खट असती. पॅटर्न ज्या दिशेनं उपसायचा, त्याच दिशेनं घासायचा. एक ओरखडा आडवा राहिला की वाळू त्याला धरून बसती आणि साच्याची कड ढासळती. तुझ्या पेनात आडवा ओरखडा राहिला तर काय बिघडतं? नुसतं दिसतं.

भाची: नुसतं दिसतं म्हणजे? माझं गिऱ्हाईक तेवढंच बघतं!

इथे नंबरांचा हिशोब सांगून ठेवतो. पॉलिश पेपरचा नंबर वाढतो तसा दाणा बारीक होतो. १५० नंबरचा दाणा साधारण १०० मायक्रॉनचा, ६०० चा २६ च्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आगेमागे असतो, त्यावरून अंदाज येईल. मायक्रोमेशची मोजणी मात्र निराळी आहे. तिची १५०० ची वडी म्हणजे दुकानातला १५०० चा वॉटर पेपर नव्हे. तिचा दाणा ३० मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे साध्या पेपरच्या ४०० आणि ६०० यांच्या मधला. १२००० ची वडी २ मायक्रॉनपर्यंत उतरते. आकडा ऐकून छाती दडपते, त्यात थोडा व्यापाऱ्याचाही हात आहे.

मामांना हे सांगितल्यावर ते लगेच सावध झाले.

मामा: म्हणजे ६०० नंतर तू १५०० ची वडी लावतीस, तेव्हा पुढं जायचं सोडून जरा मागंच येतीस की.

भाची: मधे थर चढलेला असतो ना. ६०० पर्यंत लाकूड घासते, पुढे थर घासते. थर लावताना त्यावर लाटा उठतात, त्या आधी सपाट करायला तेवढा जाड दाणा लागतोच.

मामा: मग तसं सांग. बारा हजारपर्यंत लाकूड घासलं असं सांगू नकोस.

पेन करणाऱ्यांच्या बोलण्यात ही गफलत सर्रास होते. सागवानाच्या आडव्या कापाकडे भिंगातून पाहिलं तर उघड्या नळ्यांची भोकं दिसतात. झाडानं पाणी वर चढवण्यासाठी ठेवलेल्या त्या वाहिन्या, आणि त्यातल्या मोठ्या २०० मायक्रॉनच्याही पुढच्या. पृष्ठभागालाच एवढे खड्डे असतील, तर दोन मायक्रॉनच्या दाण्यानं उघडं लाकूड घासून हाती काय लागणार? शिसवी, आबनूस असली घट्ट लाकडं ६०० किंवा १००० पर्यंतच्या घासण्याला थोडीफार दाद देतात. सागवान, आंबा, बाभूळ यांना ४०० च्या पुढे घासणं हा हौसेचा मामला. त्यानंतर जी चकाकी येते ती भोकं बुजवून वर बसलेल्या थराची.

मामांचा खरा राग मात्र नंबरांवर नव्हताच.

मामा: धार बघू तुझ्या पटाशीची. हां. या धारेनं काम केलंस तर १५० नंबर लागतोच कशाला? धारदार पटाशी तिरकी धरून हलक्या हातानं शेवटचा कात घेतला की लाकूड आपणच चकाकतं. पेपर म्हणजे ओरबाडणं. एका ओरखड्यावर त्याहून बारीक ओरखडे काढत जायचं, त्यालाच तुम्ही फिनिशिंग म्हणता.

भाची: तिरक्या पटाशीचा कोपरा रुतला की काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. टोकाला लाकूड एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतं, खाली लगेच पितळ. एका झटक्यात ढलपी उडते आणि पेन गेलं. त्यापेक्षा १५० नं घासलेलं परवडलं.

मामा: घासूनपण जातंच. जास्त दाबलंस तर लाकूड धातूच्या कडीपेक्षा खाली बसतं. नख फिरवलं की पायरी लागती. हे बघ, इथं लागती.

भाची: ते शिकताना केलेलं आहे. विकायचं नाही.

मामा: आणि ह्या कड्या?

मामांनी मोबाईलचा दिवा आडवा धरला होता. वरून पाहताना निर्दोष वाटणाऱ्या पेनावर, चकाकीच्या आत, पेनाला वेढा घालणाऱ्या बारीक रेघा दिसत होत्या. लेथ फिरता ठेवून पेपर धरला की दाणे गोल गोल ओरखडे काढतात. लाकडाच्या नसा उभ्या आणि ओरखडे आडवे, म्हणून ते लपत नाहीत. उपाय सगळ्यांना माहीत असतो: प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवायचा, त्याच पेपरनं पेन उभं, नसांच्या दिशेनं घासायचं, आडवी रेघ एकही उरली नाही याची खात्री करायची, भुगा पुसायचा आणि मगच पुढचा नंबर. भुगा पुसायचा कंटाळा केला तर मागच्या नंबरचा सुटा दाणा पुढच्या पेपरखाली येतो आणि सगळं मुसळ केरात.

भाची: १५० ची रेघ आहे ती. तेव्हा थांबून उभं घासलं नव्हतं. ६०० ला दिसत नव्हती, थर चढल्यावर दिसायला लागली.

मामा: थरानं दाखवली.

भाची: म्हणूनच म्हणते मामा, ही चकाकी प्रामाणिक असते. तुमच्या मंद पॉलिशमध्ये अशी रेघ खपून जाते. माझ्याकडे नाही खपत. १५० चा आळस बारा हजाराला उघडा पडतो.

यावर मामा गप्प झाले. मला वाटतं भाचीचा त्या दिवसातला सगळ्यात पक्का मुद्दा हाच होता. चकचकीत थराला लोक वरवरचा म्हणतात, पण त्याच्याइतका कडक तपासनीस दुसरा नाही. भिजलेलं लाकूड गडद आणि खोल दिसतं, तेच इथे कायमचं होतं: भोकांतली हवा जाऊन तिथे पारदर्शक पदार्थ बसतो, प्रकाश आतपर्यंत शिरतो, नसा उठून दिसतात आणि चुकाही.

मामांनी मोर्चा वळवला.

मामा: बरं, दिसायचं झालं. धरायचं काय? हातात घेतलं तर हे गार लागतं. निसटतं. माझं बोट लाकडाला लागतच नाही. बघायला लाकूड, धरायला प्लास्टिक.

भाची: प्लास्टिक तर आहेच. सुपरग्लू वाळला की ॲक्रिलिकचा भाऊबंदच. मी लपवत नाही.

मामा: मग प्लास्टिकचंच पेन घ्यावं की माणसानं!

भाची: आणि तुमची लाख? ती काय लाकूड आहे? पळसाच्या न् कुसुमाच्या फांद्यांवर किडे बसतात, त्यांच्या अंगातून पाझरलेली राळ ती. खरवडून, वितळवून, गाळून त्याच्या चपड्या करतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवून तुम्ही बोळ्यानं लाकडावर चढवता. थर तोही आणि थर हाही. एकाला आजोबांचा वास येतो एवढंच.

मामा: लाख आत मुरती.

भाची: थोडी. बाकीची वरच बसते. आणि आता प्रत्येक पर्समध्ये सॅनिटायझर आहे. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते. बोटाचा ठसा उमटतो पेनावर. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर मऊ पडते. पॅटर्नला घाम येत नाही मामा, पेनाला दिवसभर येतो.

मामा: सावंतवाडीला गेली होतीस ना तू? चितारआळीत बघितलंस काय?

भाची: बघितलं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं ती वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात.

मामा: मग? तिथं कुठाय बारा हजार? पान लावलं की झालं. आमचे म्हातारे तर खरवतीचं पान वापरायचे घासायला. जंगलात फुकट. एवढं खरखरीत असतं की लाकूडच काय, हस्तिदंत घासायचे त्यानं. पॉलिश पेपर नंतरचा.

भाची: सावंतवाडीची लाख रंगीत असते, लाकूड झाकते. मला लाकूड दाखवायचंय. कामच वेगळं.

पॉलिश पेपरचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो पाण्यात भिजवून वापरायचा काळा कागद अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं १९२१ मध्ये बाजारात आणला. त्याची कल्पना मात्र फिलाडेल्फियातल्या फ्रान्सिस ओकी नावाच्या गृहस्थाची, आणि त्यांचा धंदा छपाईच्या शाईचा. शाईवाल्यानं काढलेला कागद आज पेनांना तकाकी देतो, हे मला फार आवडतं. पाण्यामुळे भुगा उडत नाही, हा त्या कागदाचा मोठा फायदा. लाकडाचा भुगा ही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तो कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे. भाची मास्क लावते, केस बांधते, ओढणी बाहेर काढून ठेवते. मामांच्या पिढीनं तोंडाला रुमालसुद्धा बांधला नाही, आणि याबाबत मामा वाद घालत नाहीत. सुपरग्लूच्या वाफेनं डोळ्यांना येणाऱ्या पाण्यावरून मात्र ते दोनदा बोलले.

मग भाचीनं ज्याच्यासाठी मामांना बोलावलं होतं ते काढलं. बैलगाडीच्या चाकाचा एक आरा. बाभळीचा. कुठल्याशा गावात गोठ्याच्या मागे पडलेलं चाक, घरातल्या नातवानं त्यातला आरा काढून आणला होता. त्याला त्यातून पेनं हवी होती, घरातल्या प्रत्येकाला एक. आऱ्याच्या टोकाला, जिथे लोखंडी पट्टी होती तिथे, लाकूड निळसर काळं पडलं होतं.

मामा: हा डाग कापून टाकू नकोस.

भाची: कापणार नाहीच. पेनाच्या मधोमध येईल असा ठोकळा काढणार आहे.

मामा: बाभळीत टॅनिन लई. म्हणून तर तिच्या सालीनं चामडं कमवतात. लोखंड आणि ओल मिळाली की काळं पडलंच.

इथे दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि मला गंमत वाटली ती दुसऱ्याच कारणानं. टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगातून युरोपात शेकडो वर्षं लिहायची काळी शाई बनवत आले आहेत. तिथे टॅनिन मायफळातून घेत, इथे ते बाभळीतून आलं. म्हणजे त्या आऱ्यात गोठ्यामागच्या पावसानं आपोआप शाई केली होती, आणि आता तोच तुकडा पेन होणार होता.

मामा: घासताना पाणी लावू नकोस याला. लेथवर दोन्ही बाजूंना त्या पोलादी कड्या लावतीस ना मापाला? पेपर त्यांच्यावरनं घासला की पोलादाची पूड सुटती. ओल्या बाभळीवर बसली की नवे डाग. मग जुना कुठला आणि तुझा कुठला, कळायचं नाही.

भाची: थर चढेपर्यंत कोरडंच घासणार. शेवटचे दोन नंबर पोलादी कड्या काढून, प्लास्टिकच्या लावून. आणि हा डाग सुपरग्लूखालीच राहिला पाहिजे, उघडा ठेवला तर घामानं पसरेल. कबूल?

मामा: डागापुरतं कबूल. पण पकडायच्या जागेला तरी लाख ठेव.

भाची: तेच विचारणार होते. पेनाचे दोन भाग असतात. वरचा बघायचा, खालचा धरायचा. वरच्याला सुपरग्लू, खालच्याला तुमची लाख आणि मेण. कसं?

मला हा तोडगा सुरेख वाटला. मामांनी तो दोन वाक्यांत उडवला.

मामा: वर्षभरात खालचं लाकूड हाताचं तेल पिऊन काळवंडणार आणि वरचं आज आहे तसंच राहणार. एका आऱ्याचे दोन तुकडे चुलतभावासारखे दिसतील.

भाची: मग थर एकच, पण १२००० पर्यंत जायचंच नाही. ३६०० च्या वडीला थांबते. चकाकी मंद राहील, हाताला निसटणार नाही.

मामा: आता कसं! मग सगळीच पेनं अशी का करत नाहीस?

भाची: फोटोत दिसत नाही म्हणून. मंद पेनाचा फोटो म्हणजे तपकिरी काठीचा फोटो. चकचकीत पेनावर प्रकाशाची एक उभी रेघ पडते, त्या रेघेला लोक पैसे देतात. हाताला कसं लागतं ते मोबाईलवर कसं दाखवू?

माझा कौल कुणाकडे, असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर देता येणार नाही. लाख खरी आणि सुपरग्लू खोटा, ही मामांची विभागणी मला पटत नाही. थर तो थर. सॅनिटायझरच्या बाबतीतही भाची बरोबर आहे. पण तिच्या शेवटच्या उत्तरानं मी अस्वस्थ झालो. पेन कुठवर घासायचं हे लाकूड ठरवत नव्हतं, लिहिणारा हात ठरवत नव्हता. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवणारा अनोळखी माणूस ठरवत होता. प्रदर्शनात टेबलावर दोन्ही तऱ्हेची पेनं मांडली की लोक आधी चकचकीत उचलतात आणि बराच वेळ हातात धरून बसतात ते मंद पेन, हे तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं. मी त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, प्रदर्शनं वर्षातून दोन होतात आणि भाडं दर महिन्याला असतं. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांकडे होतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

मामा: सुपरग्लूला तडा गेला तर काय करतीस?

भाची: सगळा थर खरवडून काढायचा, परत लाकडापर्यंत यायचं. बऱ्याचदा जमत नाही, लाकूडच पुरत नाही.

मामा: लाखेला खरवडावं लागत नाही. जुन्यावरच नवा हात मार, स्पिरिटनं जुनी लाख विरघळती आणि नवीत मिसळती. दोघी एक होतात. आमचे पॅटर्न दरवर्षी पॉलिशला परत यायचे. पंचवीस-पंचवीस वर्षं चालले.

भाची: फौंड्रीचा माणूस पॅटर्न घेऊन यायचा, कारण पॅटर्न बिघडला की त्याचं कास्टिंग बिघडायचं. पेनाचं पॉलिश उडालं म्हणून पुण्याला कोण येतंय?

मामा: आजोबाच्या गाडीचा आरा घेऊन आला की नाही तो? पेन घेऊनपण येईल. बिलावर लिहून दे, पॉलिश उतरलं तर परत करून मिळेल.

भाची: फुकट?

मामा: फुकट कशाला? आम्ही दुरुस्तीचं बिल वेगळं लावायचो.

भाची: किती?

मामा: ते नवीन पॅटर्नच्या किमतीवर असायचं. तू पेन कितीला विकतीस ते आधी सांग.

भाचीनं आकडा सांगितला. मामांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा उचलून, या वेळी दिव्याशिवाय, टोकापासून टोकापर्यंत नख फिरवून पाहिलं.

मामा: एवढ्याला विकतीस तर ह्याचं १५० चं काम परत कर.